जुन्या कार्डावरचा ठळक नंबर सगळ्यात शेवटी वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामांचं दुरुस्तीचं दुकान आवरताना एक खोका निघाला. त्यात दहा-बारा कार्डं, काही सुटे आयसी (चिपा), रॅमच्या पट्ट्या. मोठ्या कार्डावर '९४व्ही-०' ठळक छापलंय, ते शोधलं तर भलतीसलती शेकडो बोर्डं समोर येतात. हे नेमकं काय आहे, चालतंय का कसं बघायचं, आणि ठेवावं की भंगारात द्यावं?

आधी ते '९४व्ही-०' डोक्यातून काढून टाका. हे प्लास्टिक आणि फायबर किती पेट घेतं याचं मानांकन आहे, मिक्सरच्या बोर्डावरही सापडेल. त्याच्या शेजारी बहुतेक वेळा 'ई' अक्षर आणि पुढे पाच-सहा आकडे असतात. तो कोरी पाटी, म्हणजे आयसी बसवण्याआधीचं बोर्ड, बनवणाऱ्या कारखान्याचा नोंदणी क्रमांक. कार्ड कुणी डिझाइन केलं, कुणी विकलं याच्याशी त्याचा संबंध नाही. जुन्या कार्डांवर जे सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेलं असतं ते बहुधा सगळ्यात कमी कामाचं असतं. कार्ड ओळखायचं ते त्यात काय जातं आणि त्यातून काय बाहेर येतं यावरून. म्हणून आधी कडा बघायच्या, मग क्रिस्टल (सर्किटला ठेका देणारी चांदीची डबी), मग आयसी आणि नंबर शेवटी.

त्याआधी एकच काम आजच्या आज करा. एखाद्या बोर्डावर निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली पिंपासारखी बॅटरी असेल तर ती कापून काढा. निकेल-कॅडमियमची ती बॅटरी गळते आणि आसपासचा तांब्याचा माग खात जाते. हिरवट-पांढरी बुरशी दिसत असेल तर व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा, मग पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. ओळखण्याची घाई नाही, हिची आहे.

आता कडा. कार्ड असं धरा की आयसी तुमच्याकडे आणि सोनेरी पट्ट्या खाली. कॅबिनेटच्या मागे दिसणारा लोखंडी पत्रा उजवीकडे आला तर कार्ड आयएसए घराण्यातलं, डावीकडे आला तर पीसीआय. या दोन्ही बस, म्हणजे कार्ड मदरबोर्डाला जोडण्याच्या पद्धती; आयएसए जुनी, पीसीआय नंतरची. पट्ट्यांमधलं अंतरही बघा. आयएसएच्या पट्ट्या रुंद, मध्यापासून मध्यापर्यंत २.५४ मिलिमीटर. पीसीआयच्या त्याच्या निम्म्या अंतरावर. आयएसएचा एकच गट असेल, प्रत्येक बाजूला ३१ पट्ट्या, तर ते १९८१ च्या आयबीएम पीसीचं ८ बिटी कार्ड. पुढे प्रत्येक बाजूला १८ पट्ट्यांचा दुसरा गट असेल तर १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीपासूनचं १६ बिटी. त्याच्याही पुढे बारीक पट्ट्यांचा तिसरा गट असेल तर व्हेसा लोकल बस, म्हणजे १९९२ नंतरचं, जवळजवळ नक्की ४८६ प्रोसेसरच्या मशीनमधलं. एवढ्यानेच तुमच्या खोक्यातली बरीचशी कार्डं आपापल्या दशकात जाऊन बसतील.

पत्राच नसेल तर गंमत सुरू होते. प्रत्येक बाजूला ५० म्हणजे एकूण १०० पट्ट्या, आणि वरच्या कडेला हीटसिंकसकट ७८०५ रेग्युलेटर: हे एस-१०० बसचं कार्ड. १९७५ च्या अल्टेअर कॉम्प्युटरपासून चालत आलेली ही बस कार्डाला ८ व्होल्टच्या आसपास कच्चा पुरवठा देते आणि ५ व्होल्ट प्रत्येक कार्डाने स्वतः बनवायचे असतात, म्हणून तो रेग्युलेटर. एकूण ५० पट्ट्यांचं लहानसं कार्ड असेल तर अ‍ॅपल टू तपासा. पट्ट्यांच्या जागी ६४ किंवा ९६ पिनांचा प्लास्टिकचा कनेक्टर आणि बोर्ड १०० बाय १६० मिलिमीटर किंवा २३३ बाय १६० असेल, तर ते युरोकार्ड: कारखान्यातलं कंट्रोलर, टेलिफोन एक्स्चेंज किंवा व्हीएमई बसचं मशीन. १९८४ च्या रंगराजन समितीनंतर आपल्या बँकांत लेजर पोस्टिंगची मशिनं शिरली. तेव्हापासूनचं बँकांचं भंगार आपल्याकडे बरंच फिरलं आहे. त्यामुळे असं अवाढव्य, पत्रा नसलेलं बोर्ड दिसलं की ते पीसीचं नाही म्हणून बाजूला टाकू नका.

पत्रा असेल तर त्यावरचे कनेक्टर वाचा, पण पिना आहेत की भोकं आहेत हे बघूनच. पीसीवर २५ पिनांचा नर म्हणजे सिरियल, २५ भोकांची मादी म्हणजे प्रिंटर. मॅकिंटॉशवर मात्र तीच २५ भोकं स्कझीची, म्हणजे बाहेरची डिस्क वगैरे जोडायच्या पोर्टची. ९ पिनांचा नर सिरियल, ९ भोकांची मादी म्हणजे व्हीजीए या पडद्याच्या पद्धतीच्या आधीचा डिस्प्ले, किंवा टोकन रिंग नावाचं जुनं नेटवर्क. १५ भोकं दोन ओळींत असतील तर जॉयस्टिकचा पोर्ट. तशाच १५ भोकांना सरकती कडी असेल तर इथरनेट नेटवर्कचा एयूआय पोर्ट. ३७ भोकांचा रुंद कनेक्टर म्हणजे बाहेरच्या फ्लॉपीसाठीचा, आयबीएमच्या मूळ फ्लॉपी कार्डावर असतो. गोल बीएनसी दिसला की सगळे 'जुनं इथरनेट' म्हणतात, पण शेजारी आठ खटक्यांचा डिप स्विच असेल तर मी आधी आर्कनेट म्हणेन, तेही एक जुनं नेटवर्क. त्यात प्रत्येक मशीनचा क्रमांक हाताने लावावा लागतो, त्यासाठीच तो स्विच.

तुम्ही वर्णन केलेल्या कार्डांपैकी एक मला इथूनच ओळखता आलं, आणि ते कसं हे सांगतो. ८ बिटी आयएसए, पत्र्यावर ९ भोकं आणि २५ भोकं, एक ४० पायांचा ६८४५, आठ सारखे ४१६४ आणि चांदीच्या डबीवर १६.२५७. ६८४५ हा पडद्याची वेळ सांभाळणारा आयसी, म्हणजे डिस्प्ले कार्ड. २५ भोकं म्हणजे सोबत प्रिंटर पोर्ट. १६.२५७ मेगाहर्ट्झ हा आयबीएमच्या मोनोक्रोम पडद्याचा ठेका, आयबीएमच्या रंगीत सीजीए कार्डाला त्याची गरज नाही. राहिला प्रश्न आयबीएमचं साधं मोनोक्रोम कार्ड की आणखी काही. साध्यावर फक्त ४ किलोबाइट मेमरी असते. तुमच्याकडे ६४ किलोबिटचे आठ आयसी म्हणजे ६४ किलोबाइट आहेत. एवढी मेमरी १९८२ च्या हर्क्युलिस कार्डावर असायची, ७२० बाय ३४८ ठिपक्यांची चित्रं काढण्यासाठी. तर हे हर्क्युलिस किंवा त्याची तैवानी नक्कल. कार्डावर एकही नाव नसताना हे कळलं. त्याला सीजीएचा मॉनिटर जोडू नका. मोनोक्रोम पडदा सेकंदाला सुमारे १८,४०० ओळी आखतो, सीजीएचा सुमारे १५,७००. भोकं तीच असली तरी अदलाबदलीत मॉनिटरचा आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

क्रिस्टलबद्दल थोडं लांबवतो, कारण त्यांच्याकडे कुणी बघत नाही आणि ते खोटं बोलत नाहीत. १४.३१८१८ हा अमेरिकन टीव्हीच्या रंगसंकेताच्या चौपट. पीसीच्या मदरबोर्डावर हमखास, त्याला तीनने भागलं की पहिल्या पीसीचा ४.७७ मेगाहर्ट्झ येतो. १७.७३४४७५ हा आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या रंगसंकेताची चौपट, म्हणजे टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर किंवा व्हिडिओ कार्ड. १.८४३२ म्हणजे सिरियल पोर्ट: १६ ने भागा, बरोबर १,१५,२०० येतात. २५.१७५ आणि २८.३२२ जोडीने दिसले तर व्हीजीए. एकटा २० मेगाहर्ट्झ आणि नेटवर्कचा कनेक्टर म्हणजे १० मेगाबिटचं इथरनेट. १६.९३४४ आणि २४.५७६ शेजारी शेजारी म्हणजे साउंड कार्ड, कारण पहिला ४४.१ किलोहर्ट्झच्या आवाजासाठी आणि दुसरा ४८ किलोहर्ट्झच्या घराण्यासाठी. ६.१४४ मेगाहर्ट्झ आणि ४० पायांचा ८०८५ प्रोसेसर दिसला तर तो बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेतला किट. सोबत कीपॅड आणि आकडे सांभाळणारा ८२७९, सहा लाल आकडे आणि सोळाकडी कीपॅड असेल तर शंकाच नको. भारतात अनेक लहान कंपन्यांनी असे किट बनवले, त्यांची कागदपत्रं विरळ, पण इप्रॉममधला (प्रोग्रॅम साठवणाऱ्या आयसीतला) 'मॉनिटर' नावाचा मूळ प्रोग्रॅम वाचला की मेमरीचा नकाशा कळतो.

पट्टीच्या केबलचे कनेक्टर फसवे असतात. ३४ पिनांचा एक आणि २० पिनांचे दोन म्हणजे एसटी-५०६ घराण्याची हार्ड डिस्क. पण ईएसडीआय या दुसऱ्या डिस्क पद्धतीच्याही जोडण्या हुबेहूब तशाच, तेव्हा आयसी आणि डिस्कचा नंबर बघून ठरवा. तुमच्या साउंड कार्डावर ४० पिनांचा कनेक्टर आहे आणि तुम्ही त्याला आयडीई डिस्क लावून बघणार आहात असं लिहिलंय. थांबा. सीडी ड्राइव्ह नवीन होते तेव्हा पॅनासॉनिक आणि मित्सुमी या दोघांचे स्वतःचे ४० पिनांचे कनेक्टर होते, सोनीचा ३४ पिनांचा, आणि अनेक साउंड कार्डांवर ते तिन्ही एकत्र असायचे. आयडीईशी ते जुळत नाहीत. कनेक्टरशेजारी बारीक अक्षरात नाव असतं, भिंगाने बघा.

आता आयसी. कोनातून टॉर्च मारा, नाहीतर अल्कोहोलने ओला करून फोनने फोटो काढा, पुसट अक्षरं उमटतात. एका आयसीवर दोन-तीन नंबर असतात आणि त्यातला एक तारखेचा: पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन आठवडा. ८५२३ म्हणजे १९८५ चा तेविसावा आठवडा. घोळ ७४ मालिकेतल्या साध्या लॉजिक आयसींत होतो. ७४३२ हा ऑर गेट, पण तो १९७४ चा बत्तिसावा आठवडाही असू शकतो. ७४८६ मात्र तारीख असू शकत नाही, वर्षात तेवढे आठवडे नाहीत. बोर्डावरच्या सगळ्या तारखा टिपा. त्यातली सगळ्यात अलीकडची तारीख सांगते की बोर्ड त्याआधी बनलेलं नाही. अर्थात नंतर एखादा आयसी बदलला असेल तर ती तारीख सोडून द्या, आणि दुरुस्तीच्या दुकानातला माल म्हणजे अशी शक्यता धरूनच चाला. बदललेल्या आयसीच्या मागच्या बाजूचं टाक्याचं सोल्डर वेगळं चमकतं.

एकच आयसी वेगवेगळ्या नावांनी येतो हेही लक्षात असू द्या. ६४ किलोबिटची रॅम टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे टीएमएस४१६४, हिताचीकडे एचएम४८६४, फुजित्सुकडे एमबी८२६४, मोटोरोलाकडे एमसीएम६६६५. मागे '-१५' म्हणजे १५० नॅनोसेकंद. आणि काही नंबर कुठल्याच डाटाशीटमध्ये सापडणार नाहीत, कारण ते आयसी बनवणाऱ्याचे नसून यंत्र बनवणाऱ्याचे असतात. एचपीच्या बोर्डावर १८२०-००५४ असं लिहिलेला गूढ आयसी म्हणजे साधा ७४००. एचपीच्या संपूर्ण बोर्डाचा नंबर पाच-पाच आकड्यांचा असतो, पहिले पाच बहुधा ज्या यंत्रासाठी तो बनला त्याचे. डेक या कॉम्प्युटर कंपनीकडे नंबर प्लास्टिकच्या मुठीवर, 'एम' आणि चार आकडे. कमोडोरचा ९०१२२६-०१ म्हणजे कमोडोर ६४ चा बेसिक रॉम. अ‍ॅपलच्या पाटीवर ८२० ने सुरू होणारा क्रमांक शोधा. आयबीएमकडे दोन-तीन नंबर असतील तर 'एफआरयू' लिहिलेला घ्या, दुरुस्तीवाले त्याच नंबराने सुटा भाग मागवत. रशियन अक्षरांचा आयसी सापडला तर घाबरू नका, के१५५एलए३ सुद्धा ७४००च.

पट्ट्यांजवळचे आयसी बसशी बोलणारे असतात, ७४एलएस२४५ आणि २४४. त्यांच्याजवळ ६८८ आणि डिप स्विच असेल तर कार्डाचा पत्ता तिथे ठरतो. १४८८ आणि १४८९ ही जोडी सिरियल पोर्टची. ७६५ किंवा ८२७२ फ्लॉपीचा. एडीसी०८०९ किंवा एडी५७४, रांगेने ऑप्टो-कपलर, रिले आणि स्क्रूचे टर्मिनल दिसले तर मापनाचं किंवा नियंत्रणाचं कार्ड. ते बऱ्याचदा स्थानिक बनावटीचं असतं, आणि त्याचं नाव शोधण्यापेक्षा माग काढून सर्किट उतरवणं लवकर होतं.

वीज देण्याआधी मीटर. आयएसए कार्डाच्या सोल्डरच्या बाजूला, पत्र्याकडून मोजत, पहिली पट्टी जमीन (ग्राउंड), तिसरी +५, पाचवी -५, सातवी -१२, नववी +१२. प्रत्येकीचा जमिनीशी रोध मोजा. शून्याजवळ असेल तर बहुतेक एखादा थेंबाच्या आकाराचा टँटॅलम कंडेन्सर शॉर्ट झालाय, १२ व्होल्टच्या रांगेवरचे आधी तपासा. तसाच चालू केलात तर तो फटाक्यासारखा फुटतो. बस अनोळखी असेल तर पुरवठा आयसीवरून शोधायचा: १४ पायांच्या ७४ मालिकेत सहसा सातवा पाय जमीन, चौदावा +५. १६ पायांत आठवा आणि सोळावा. ७४७५, ७४७६, ७४९० आणि ७४९३ हे अपवाद. पायापासून पट्टीपर्यंत मीटरची पिपाणी वाजली की ती पट्टी कळली. पण यासाठी रॅमचे आयसी धरू नका. ४१६४ मध्ये सोळावा पाय जमीन आणि आठवा +५, म्हणजे नेमकं उलटं. त्याच्या आधीच्या ४११६ मध्ये तर आठव्यावर १२ व्होल्ट आणि पहिल्यावर उणे ५. हे माहीत नसताना चालू केलेली बोर्डं मी बरीच पाहिली आहेत, नंतर ती ओळखून फारसा उपयोग होत नाही.

रॅमच्या पट्ट्यांचं लवकर आटोपतं. कडेला ३० सोनेरी पट्ट्या असतील तर २८६ ते ४८६, ७२ असतील तर उशिराचं ४८६ आणि पेन्टियम, १६८ असतील तर एसडीरॅम. सारखे नऊ आयसी म्हणजे नववा पॅरिटीचा, म्हणजे चूक पकडण्यासाठीचा. १६० पट्ट्यांची एखादी आखूड पाटी असेल तर ती रॅम नव्हे, पेन्टियमच्या बोर्डाची कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली वेगवान मेमरी आहे. आणि ४८६ च्या बोर्डावर 'राइट बॅक' एवढंच छापलेले कॅशेचे आयसी दिसले तर ते पोकळ प्लास्टिक असण्याची शक्यता मोठी, त्या काळात अशी फसवणूक चालायची.

मदरबोर्ड चालू होत असेल तर पडद्याच्या खालच्या कडेला येणारी ओळ टिपा. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना चालणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये) तारखेनंतरच्या कोडची पहिली पाच अक्षरं चिपसेट सांगतात, पुढची दोन बनवणारा. २ए६९केए१ मध्ये २ए६९के म्हणजे इंटेल ४४०बीएक्स आणि ए१ म्हणजे एबिट. आणि एफसीसी, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचा क्रमांक असेल तर छापील नंबरांमध्ये मी सगळ्यात जास्त विश्वास त्यावर ठेवतो. पहिली तीन अक्षरं अर्जदार कंपनीची, अमेरिकन सरकारच्या नोंदीत थेट सापडतात. फक्त भारतात विकण्यासाठी बनलेल्या बोर्डावर तो सहसा नसतो.

काचेची खिडकी असलेले आयसी म्हणजे इप्रॉम. खिडकीवरचं लेबल काढू नका. त्यावर फर्मवेअरची आवृत्ती असते आणि ते अतिनील प्रकाश अडवतं. प्रोग्रॅमर असेल तर आतला मजकूर वाचून ठेवा, त्यात बहुधा कंपनीचं नाव आणि कॉपीराइटचं वर्ष साध्या अक्षरांत मिळतं. नावातला आकडा किलोबिटचा: २७६४ म्हणजे ६४ किलोबिट, म्हणजे ८ किलोबाइट. एकाच ठिकाणी सावध राहा. इंटेलचा २७१६ नुसत्या ५ व्होल्टवर चालतो, पण टेक्सासच्या टीएमएस२७१६ ला तीन पुरवठे लागतात. इंटेलसारखा जो आहे त्याला टेक्सासने टीएमएस२५१६ म्हटलंय. प्रोग्रॅमरमध्ये सरसकट '२७१६' निवडलंत तर वाचलेलं निरर्थक येईल.

ठेवायचं की द्यायचं? सोन्यासाठी कार्डं वजनावर घेणारे एका कार्डाचे जे देतील त्यात चहासुद्धा येईल की नाही सांगता येत नाही, आणि त्या सोन्यासाठी वापरलं जाणारं अ‍ॅसिड कुठल्या नाल्यात जातं ते बघायला नको वाटतं. साधी पेन्टियमकालीन मोडेम कार्डं खुशाल ई-कचऱ्यात द्या. हर्क्युलिस, ८ बिटी फ्लॉपी कार्ड, एस-१०० चं काहीही, ८०८५ चा किट ठेवा. एका बाजूला २५ पिना आणि दुसऱ्या बाजूला २५ भोकं असलेली डबी असेल तर ती डीटीपी सॉफ्टवेअरचं कुलूप असण्याची शक्यता आहे. तिच्याशिवाय एखाद्या छापखान्याच्या जुन्या मराठी फायली उघडणारच नाहीत. आणि पुण्याच्या सी-डॅकचं 'जिस्ट' असं लिहिलेलं कार्ड निघालं तर ते कुणालाही देऊ नका. डॉसच्या साध्या मजकुरी प्रोग्रॅममध्ये देवनागरी उमटवणारं ते कार्ड, कधीकाळी सरकारी कचेऱ्यांतून वापरात होतं. आता चालू स्थितीतलं सहज मिळत नाही.

ज्या मोठ्या कार्डावरून तुमची सुरुवात झाली त्याबद्दल तुम्ही फक्त 'दोन रांगांचा लांब पांढरा कनेक्टर, मधोमध सिरॅमिकचा मोठा आयसी' एवढंच लिहिलंय. त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो सपाट ठेवून, शेजारी फूटपट्टी धरून काढा. कनेक्टरच्या पिना मोजा, दोन रांगा की मधली तिसरी रांग रिकामी आहे ते बघा, क्रिस्टलवरचे आकडे आणि त्या सिरॅमिक आयसीवरच्या सगळ्या ओळी उतरवून पाठवा. ९४व्ही-० सोडून.